विंडोज न उडवता शेजारी लिनक्स मिंट कसं टाकायचं

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय, लॅपटॉप तर झकास चालतोय पण विंडोज 11 घ्यायला नाही म्हणतोय, आता करायचं काय. साधारण आठव्या जनरेशनच्या आधीचा इंटेल असेल किंवा टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने ते मशीन बाद. लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमच्या (ओएसच्या) हिशोबाने मात्र ते चांगलं धडधाकट मशीन आहे. अडचण एवढीच की कुणाचं टॅली विंडोजवर, कुणाचं कोरल ड्रॉ आणि जुने मराठी फॉन्ट विंडोजवर, कुणाच्या प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा, त्यामुळे विंडोज पूर्ण काढूनही टाकता येत नाही. मग दोन्ही ठेवायचं, चालू करताना विचारेल कशात जायचं, नेटबँकिंग आणि ब्राउझिंग लिनक्समध्ये आणि टॅलीपुरतं विंडोज.

एक आधीच सांगतो, कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी नुसत्या चार कमांड शिकायच्या असतील तर हा उद्योग करूच नका, विंडोजच्या आतच लिनक्स चालवायला डब्ल्यूएसएल आहे नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स आहे, त्यात भागतं. रोजच्या वापराला लिनक्स हवं असेल तरच ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, मी इथे त्यातला मिंट 22 धरून लिहितोय, तो उबुंटू 24.04 या दुसऱ्या प्रकारावर बांधलेला आहे आणि 2029 पर्यंत अपडेट मिळणार. विंडोजची सवय असलेल्याला मिंटचा मेनू परका वाटत नाही म्हणून मिंट. रॅम 8 जीबी असेल तर सिनॅमन एडिशन घ्या, 4 जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. उबुंटू टाकायचं असेल तरी विंडोजकडची तयारी सगळी हीच, फक्त इन्स्टॉलरची स्क्रीन वेगळी दिसेल.

आणि लोकांना वाटतं पेनड्राइव्ह लावला की काम सुरू झालं. तसं नाही. नव्वद टक्के काम विंडोजमध्ये बसून करायचं असतं, ते नीट झालं तर इन्स्टॉल म्हणजे नुसतं नेक्स्ट नेक्स्ट आहे. ज्यांचं घोडं अडतं त्यांचं बहुतेक वेळा याच तयारीत काहीतरी राहिलेलं असतं.

विंडोजमधली तयारी

पहिलं म्हणजे बॅकअप. फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉपवर पडलेल्या त्या पन्नास फाइली, सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे भागात, कॉपी केलं तर तो बॅकअप नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं. जमलं तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून विंडोजचाही एक पेनड्राइव्ह करून ठेवा, बूट बिघडलं तर दुरुस्तीला तोच कामाला येतो.

मग विंडोज आणि आर एकत्र दाबा आणि एमएसइन्फो32 टाइप करा, इंग्रजीत अर्थातच. जी खिडकी उघडेल त्यात बायोस मोड अशी ओळ शोधा. समोर यूईएफआय, म्हणजे बूट व्हायची नवी पद्धत, लिहिलं असेल तर उत्तम, लेगसी असेल तर मशीन जुन्या पद्धतीने बूट होतंय आणि लिनक्सही त्याच पद्धतीने टाकावं लागेल. हे एक वाक्य कागदावर लिहून ठेवा, कारण एक यूईएफआयमध्ये आणि दुसरं लेगसीमध्ये टाकलं की दोन्ही ओएस आपापल्या जागी शाबूत असतात पण एकमेकांना दिसत नाहीत आणि मेनू काही केल्या येत नाही. लेगसीवाल्यांना आणखी एक, तिथे डिस्क बहुतेक एमबीआर या जुन्या मांडणीची असते आणि एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशन चारच होतात. कंपनीने चारही आधीच भरलेली असतील तर विंडोज तुम्हाला डिस्क डायनॅमिक करू का असं गोड बोलून विचारेल, तिथे हो म्हणायचं नाही, डायनॅमिक केली की लिनक्सच्या इन्स्टॉलरची पंचाईत.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. बऱ्याच जणांना आपल्या लॅपटॉपवर तो चालू आहे हेच माहीत नसतं, कारण होम एडिशनमध्ये तो डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने असतो आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की नव्या मशीनवर गुपचूप चालू झालेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन बघा, विंडोज 11 मध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत आणि विंडोज 10 मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीत. चालू असेल तर बंद करा आणि पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा, मोठ्या डिस्कला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. बंद करायचा नसेल तर निदान 48 आकडी रिकव्हरी की काढून ठेवा, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर मिळते. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, काही हलवलं की पुढच्या वेळी विंडोज निळी स्क्रीन दाखवून ती की मागतं आणि त्या वेळी आठवतं की ते अकाउंट ज्या मेलवर काढलं त्याचा पासवर्ड मुलाकडे आणि मुलगा पुण्यात.

त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटनांनी काय करायचं ते निवडा अशी लिंक आहे, आत गेल्यावर टिकमार्क फिकट दिसतात म्हणून वरती चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल वर क्लिक करा आणि मग फास्ट स्टार्टअपची टिक काढा. याचं कारण असं की फास्ट स्टार्टअप चालू असताना तुम्ही शटडाउन केलं तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं आणि सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आपल्याच ताब्यात धरून बसतं. मग लिनक्समधून डी उघडायला गेलं की एकतर उघडत नाही किंवा नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. आणि मोठं विंडोज अपडेट आल्यावर ही टिक कधी कधी परत लागलेली सापडते, तेव्हा सहा महिन्यांनी अचानक डी ड्राइव्ह रुसला तर आधी इथेच येऊन बघा.

जागा मोकळी करणे

विंडोज आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या पट्टीत डिस्क 0 च्या पुढे छोटे मोठे डबे दिसतील, एक शंभर एमबीच्या आसपासचा ईएफआय सिस्टीम पार्टिशन, मग मोठा सी, मग रिकव्हरीचा एखादा तुकडा. यातलं ईएफआय आणि रिकव्हरी याला हात लावायचा नाही. सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. थोडा वेळ घेऊन ते एक आकडा विचारेल, तो एमबीमध्ये असतो, म्हणजे 60 जीबी हवे तर 61440 आणि 100 जीबी हवे तर 102400. मिंट 20 जीबीतही बसतं पण ते नावापुरतं, अपडेट आणि दोन चार सॉफ्टवेअर टाकली की जागा संपते, त्यामुळे 60 च्या खाली जाऊ नका, आणि डिस्क मोठी असेल तर शंभर द्याच.

इथे एक गंमत होते. सी मध्ये 200 जीबी रिकामे दिसत असतात आणि श्रिंकमध्ये मात्र 9 जीबीच मिळतील म्हणतं. याचं कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट या हलवता न येणाऱ्या गोष्टी ड्राइव्हच्या मध्येच किंवा पार शेवटी जाऊन बसलेल्या असतात आणि विंडोज त्यांच्या अलीकडे कापायला तयार नसतं. उपाय असा की ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, मग रेघ आणि एच, स्पेस, ऑफ असं टाकायचं, त्याने हायबरनेशन जातं आणि त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं. मग सिस्टीम प्रोटेक्शन आणि पेजफाइल तात्पुरतं बंद, रिस्टार्ट, आणि परत श्रिंक. बहुतेक वेळा आकडा एकदम वाढतो. काम झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन आठवणीने परत चालू करा.

श्रिंक झाल्यावर काळ्या पट्टीचा अनअलोकेटेड असा डबा तयार होतो. तो तसाच सोडायचा. न्यू सिम्पल व्हॉल्यूम करून त्याला ई ड्राइव्ह बिव्ह नाव द्यायचं नाही.

लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर मात्र माझं ऐका, एक साधी 256 जीबीची एसएसडी आणा आणि लिनक्स तिच्यावर टाका, श्रिंकच्या भानगडीत पडायलाच नको. त्या हार्डडिस्कवर लिनक्सही रडतच चालणार.

पेनड्राइव्ह

8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, त्यातलं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खा इन्स्टॉलर एका फाइलमध्ये, 3 जीबीच्या आसपास आहे, उबुंटूची तर 6 च्या आसपास, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या दीड दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून उतरवायला बसू नका. फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि तिथेच दिलेला शा256 चा आकडा, म्हणजे फाइल शाबूत असल्याची खूण, जुळतोय का ते तपासा, कारण अर्धवट उतरलेल्या फाइलने इन्स्टॉल मध्येच सत्तर टक्क्यांवर मरतं आणि माणूस दोष हार्डडिस्कला देतो.

रुफस हे पेनड्राइव्ह बूट करण्याजोगा बनवणारं सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा. पार्टिशन स्कीममध्ये यूईएफआयवाल्यांनी जीपीटी, म्हणजे नवी मांडणी, आणि लेगसीवाल्यांनी एमबीआर. तो कागद आता कामाला आला. बाकी काही न बदलता स्टार्ट, आणि विचारलं तर आयएसओ मोड.

मशीन बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होला साधारण एफ12, एचपीला एफ9, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ12 असते पण ती बऱ्याचदा बायोसमध्ये आधी चालू करावी लागते. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय लिहिलेला, तर तुमच्या मोडप्रमाणे निवडा. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलीच ओएस चालू होऊ देणारी बायोसमधली सोय, बंद करायची गरज नाही, मिंट आणि उबुंटू दोन्ही त्याच्यासकट चालतात.

इन्स्टॉल

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालू होतं, डिस्कला अजून काहीही झालेलं नसतं. लगेच इन्स्टॉलच्या आयकॉनवर उडी मारू नका. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड, ब्राइटनेसची बटनं, कॅमेरा, हे सगळं आत्ताच बघून घ्या. काही जुन्या ब्रॉडकॉमच्या वायफाय कार्डांना ड्रायव्हर वेगळा लागतो, तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करायचं म्हणजे नेट मिळतं आणि नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून तो टाकता येतो.

लॅपटॉप चार्जरवर, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, पार्टिशन लिहिलं जात असताना जायला नको.

इन्स्टॉलर भाषा आणि कीबोर्ड विचारेल, मल्टिमीडिया कोडेक्सची टिक लावा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठेवायला सांगेल, तो लिहून ठेवा, नंतर फक्त एकदा लागतो.

मग येते ती स्क्रीन जिथे सगळा खेळ आहे. पहिला पर्याय इन्स्टॉल लिनक्स मिंट अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर, दुसरा इरेज डिस्क, शेवटचा समथिंग एल्स. इरेज डिस्क म्हणजे विंडोज, डी ड्राइव्ह, फोटो, सगळं साफ, त्याच्या जवळपासही जायचं नाही. अलाँगसाइड चालतं, पण मला समथिंग एल्स आवडतं कारण त्यात काय होणार ते डोळ्यांनी दिसतं.

समथिंग एल्समध्ये एक टेबल येतं. साधी सॅटा डिस्क असेल तर एसडीए या नावाने, एनव्हीएमई एसएसडी असेल तर एनव्हीएमई अशा लांबलचक नावाने. नावावर जाऊ नका, साइझवर जा. तुम्ही मोकळी केलेली जागा फ्री स्पेस म्हणून दिसेल, विंडोजमध्ये 102400 टाकले असतील तर इथे साधारण 107374 दिसतील, घाबरू नका, इथला एमबी हजाराचा आहे आणि तिथला 1024 चा. त्या ओळीवर क्लिक करून खालचं अधिकच्या चिन्हाचं (+) बटन दाबा. साइझ पूर्ण तशीच ठेवा, यूज ॲजमध्ये एक्सटी4 हा लिनक्सचा फॉरमॅट, माउंट पॉइंटमध्ये एक तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश. झालं. रॅम कमी पडली तर लागणारी डिस्कवरची जागा, म्हणजे स्वॅप, वेगळं करायची गरज नाही, मिंट स्वतःच स्वॅप फाइल बनवतं. होम, म्हणजे तुमच्या फाइलींचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर करा म्हणून सांगणारे भेटतील, शंभर जीबीत ते करण्यात काही हशील नाही, एकीकडे जागा ओसंडते आणि दुसरीकडे पुरत नाही.

जे एनटीएफएस लिहिलेलं आहे ते विंडोजचं. त्यातल्या कशाच्याही फॉरमॅटच्या चौकोनात टिक लागलेली नाही ना ते बघा, ईएफआयच्याही नाही. खाली बूटलोडरसाठी, म्हणजे चालू करताना कशात जायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामसाठी, डिव्हाइस विचारतं, तिथे विंडोज ज्या डिस्कवर आहे ती अख्खी डिस्क, पेनड्राइव्ह नाही. इन्स्टॉल नाऊ दाबल्यावर एक यादी दाखवेल की मी एवढं एवढं बदलणार आहे. त्यात एकच नवीन एक्सटी4 फॉरमॅट होणार असं असायला हवं. जास्त काही दिसलं तर गो बॅक, इथपर्यंत काहीच लिहिलेलं नसतं.

या टेबलमध्ये डिस्कच दिसत नसेल तर बहुतेक बायोसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटीवर किंवा रेड मोडवर आहे. तो एएचसीआयवर करावा लागतो, पण सरळ बदललात तर विंडोज निळी स्क्रीन देऊन बसेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावा, मग बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या म्हणजे ते योग्य ड्रायव्हर उचलतं, आणि मग नॉर्मल. बिटलॉकर बंद करायला सांगितलं होतं ते यासाठीही.

पुढे गाव निवडायला सांगतं, नकाशावर भारतात कुठेही क्लिक केलं तरी कोलकाता येतं, बरोबरच आहे, अख्ख्या देशाची वेळ त्याच नावाने आहे. नाव पासवर्ड दिला की पंधरा वीस मिनिटं चहा.

पहिल्यांदा चालू करताना

पासवर्ड ठेवला होता त्यांना एक निळी स्क्रीन येईल, ती एररची नाही. एन्रोल मॉक, कंटिन्यू, यस, पासवर्ड, रीबूट. घाईत कंटिन्यू बूट दाबलं तर मशीन चालू होतं पण एनव्हिडिया किंवा वायफायचा ड्रायव्हर लोड होत नाही.

नंतर ग्रबचा, म्हणजे त्याच बूटलोडरचा, काळा मेनू. मिंट वर, विंडोज बूट मॅनेजर खाली. मेनू न येता थेट विंडोज उघडलं तर बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डर बघा, आणि तिथे मिंट असं नाव शोधत बसू नका, मिंटची नोंदही उबुंटू याच नावाने असते. ती पहिली करा. उलट मेनू आला पण त्यात विंडोज नाही, असं झालं तर ग्रबने दुसऱ्या ओएस शोधणं बंद ठेवलेलं असतं, 2.06 पासून ते मुळातच बंद येतं. इटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल, तिच्यात ओएस प्रोबर डिसेबलची ओळ फॉल्स करा (GRUB_DISABLE_OS_PROBER=false), नसेल तर लिहा, आणि टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब चालवा. घरच्यांना विंडोजच आधी उघडायला हवं असेल तर त्याच फाइलमध्ये डिफॉल्टपुढे 0 असतो, तिथे विंडोजच्या ओळीचा नंबर, मोजायला शून्यापासून सुरुवात करून. मग परत अपडेट-ग्रब.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच आपली वेळ समजतं, आणि दोन्हीतला फरक आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1, सगळं इंग्रजी स्मॉलमध्ये, की मिटलं.

मराठी टायपिंगला कीबोर्ड सेटिंगमध्ये इंडियनखाली मराठीचा कागप फोनेटिक लेआउट मिळतो, इन्स्क्रिप्टवाल्यांचीही सोय आहे. युनिकोडमधल्या फाइली दोन्हीकडे सारख्याच दिसतात, जुन्या फॉन्टमधल्या नाही, त्या विंडोजमध्येच उघडा.

मग अपडेट मॅनेजर एकदा पूर्ण चालवा आणि टाइमशिफ्ट लावून ठेवा, काही बिघडलं तर सिस्टीम आधीच्या स्थितीत नेता येते.

विंडोज अपडेटनंतर लिनक्स गायब झालं तर लगेच परत इन्स्टॉल करायला धावू नका, दहातले नऊ वेळा फक्त बूट ऑर्डर बदललेली असते. ऑगस्ट 2024 च्या अपडेटने मात्र खरंच अनेकांचं ड्युअल बूट अडवलं होतं, एसबॅट (सिक्युअर बूटमधली एक तपासणी) आणि सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असा मेसेज यायचा. तेव्हाही डेटा जागच्या जागी होता, सिक्युअर बूट बंद केलं की लिनक्स उघडत होतं आणि तिथून दुरुस्ती करता येत होती.

आणि नकोच वाटलं तर काढताना क्रम पाळा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, विंडोज सरळ उघडतंय ना ते बघा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा. उलट केलंत तर चालू करताना नुसता ग्रब असा प्रॉम्प्ट लुकलुकत बसेल. डिलीट केल्यावर ती जागा सी ला परत जोडायला एक्सटेंड व्हॉल्यूम आहे, पण ते मोकळी जागा सी ला अगदी चिकटून उजवीकडे असेल तरच चालतं. मध्ये रिकव्हरीचा तुकडा आला तर पर्याय फिकट दिसेल, तेव्हा त्या जागेचा वेगळा ई ड्राइव्ह करून टाका, रिकव्हरी हलवत बसू नका.